सरफोजीला पडसं

मराठी घरात आजार ही एकट्याची गोष्ट नसते. आमच्याकडे कोणाला पडसं झालं की पहिली शिंक घरच्यांसाठी असते, दुसरी शेजाऱ्यांसाठी आणि तिसरी, खास जिन्यात जाऊन दिलेली, उरलेल्या बिल्डिंगसाठी. 'काही नाही, जरा कसर आहे' हे वाक्य अशा सुरात म्हणायचं असतं की ऐकणाऱ्याने हातातलं काम टाकून आलं किसायला घ्यावं. आमच्या सासूबाई तर 'मी आपलं दुखणं कोणाला सांगत बसत नाही' हे रोज भेटेल त्याला सांगतात. अंगावर काढणं म्हणतात तेही आमच्याकडे चारचौघांतच काढलं जातं.

अशा घरात ससा आला. आणि ससा दुखणं लपवतो.

लपवतो म्हणजे, अगदी हातघाईवर येईपर्यंत बसल्या जागी सभ्य चेहरा करून बसून राहतो. रानात जो लंगडला किंवा धापा टाकू लागला तो कोल्ह्याच्या डोळ्यांत आधी भरतो. म्हणून या जातीने पिढ्यान्‌पिढ्या एकच शिस्त पाळली: काही झालं तरी तब्येत उत्तम दाखवायची. आता चेन्नईच्या वेलचेरीत, विजयनगर बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर कोल्हा येणं कठीण. आमचा वॉचमन खाणं घेऊन आलेल्या पोरालाही वहीत सही केल्याशिवाय वर सोडत नाही. पण ही सुरक्षाव्यवस्था सशाला समजावून सांगणार कोण?

ससा आणला चिरंजीवांनी, पल्लावरमच्या शुक्रवारच्या बाजारातून. या बाजारात जुने मिक्सर, गाड्यांचे सुटे भाग, गुलाबाची रोपं, कबुतरं आणि ससे एकाच उन्हात विकायला असतात. चिरंजीव सायकलची चेन आणायला गेले होते. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, की ही जात मुठीएवढीच राहते. आता हा प्राणी सोफ्यावर एका उशीची जागा घेतो आणि दुसरी उशी खातो.

नाव सरफोजी. ही कल्पना सासऱ्यांची. मराठी जिवाने तमिळ मुलखात कसं नांदावं याचा धडा तंजावरच्या भोसल्यांनी घालून दिला आहे, आणि शिवाय दुसऱ्या सरफोजी महाराजांनी (राज्य 1798 ते 1832) तंजावरात जो धन्वंतरी महाल उभारला तिथे माणसांबरोबर जनावरांचीही औषधं होत, तेव्हा नावात औचित्य आहे असं त्यांचं म्हणणं. एवढं मोठं नाव एवढ्याशा जिवाला दिल्याबद्दल सासूबाईंची नाराजी आहे; त्या त्याला नुसतं 'बाळ' म्हणतात. शेजारच्या पाट्टी, म्हणजे आजी, तमिळ वळणाने 'सरबोजी' म्हणतात, वॉचमन 'राजा' म्हणतो. ससा यांपैकी कशालाही ओ देत नाही. नाखूश असला तर मागचा पाय फरशीवर आपटतो, तेवढाच काय तो दरबार.

इथल्या पंचांगात 4 मेच्या सुमाराला अग्नि नक्षत्र लागतं आणि 28 मेच्या सुमाराला संपतं. लोक त्याला कत्तिरी वेयिल म्हणतात. आपल्याकडे उन्हाळा नुसता येतो आणि जातो; इथे त्याचा आरंभ आणि समारोप दोन्ही पेपरात छापून येतात. नुंगू, म्हणजे आपले ताडगोळे, कोपऱ्याकोपऱ्यावर दिसू लागतात आणि दुपारी नळाला येणारं पाणी बघून चहाची पावडर आठवते. 31 मे 2003 रोजी या शहराने 45 अंश पाहिले. नागपूरकर हसतील. आमचे नागपूरचे साडू हसतातच. 'पंचेचाळीस? त्यात आमच्याकडे लग्नं लागतात. कूलर आणा, वाळ्याच्या ताट्या लावा, ससा खूश.' साडूंना समुद्र माहीत नाही. कूलर कोरड्या हवेत पाणी उडवून गारवा देतो. चेन्नईच्या हवेत पाणी मुळातच इतकं, की कूलर लावला तर भिंतींनाही घाम फुटतो. दुपारी समुद्रावरून वारा वेळेवर सुटला तर पारा जागीच थांबतो. ज्या दिवशी वारा उशीर करतो त्या दिवशी वेलचेरी चाळिशी ओलांडते आणि चाळिशी ओलांडलेल्या सर्वांप्रमाणे चिडचिडी होते.

माणूस निदान घामाने तरी निवतो. सशाला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो. सशाला तेही धड जमत नाही, कारण त्याचा श्वास नाकाचा. तोंड उघडून श्वास घेणारा ससा दिसला तर चप्पल पायात घालून थेट डॉक्टरकडे निघावं. अंगातली गरमी बाहेर टाकायला त्याच्याजवळ मुख्य साधन एकच, कान. दुपारी दोनला सरफोजी बाथरूमच्या दाराशी, गार फरशीवर, मागचे पाय सरळ सोडून आडवा होतो तेव्हा त्याचे कान खिडकीच्या उजेडात पाहावेत. एकेक शीर तांबडी तट्ट फुगलेली, मोजून घ्यावी इतकी स्पष्ट, आणि हात लावला तर कान तापलेला. साधारण 15 ते 20 अंशांत हा प्राणी सुखी असतो आणि 28-30 च्या पुढे धोक्यात. वेलचेरीत 28 अंश आम्ही डिसेंबरच्या दुपारी पाहतो, अंगात स्वेटर घालून.

याचं मूळ घर स्पेन-पोर्तुगालकडचं, तेही जमिनीखालच्या गार बिळात. सरकारला हे कळतं. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने दक्षिणेतलं आपलं ससे पाळायचं केंद्र काढलं ते कोडाईकॅनालच्या डोंगरात, मन्नवनूरला. तिथे व्हाइट जायंट आणि सोव्हिएत चिंचिला जातीचे ससे थंडगार हवेत सरकारी नोकरीत आहेत. उलट आमच्या शेजारी गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानात काळ्या मानेचा रानससा राहतो. तो बिळं खणत नाही, दिवसभर झुडपाच्या सावलीत पडून राहतो, संध्याकाळी चरायला निघतो. 1972 च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे आणि एसीची त्याला गरज नाही. तो इथला. सरफोजी बाहेरचा. बाहेरून आलेल्याला चेन्नईचा मे महिना कसा लागतो, हे मी अधिकाराने सांगू शकतो.

तर ऐन अग्नि नक्षत्रात सरफोजी शिंकला.

सशाची शिंक म्हणजे नुसतं 'फ्फ्'. मिक्सर, टीव्ही आणि सासरे असे तिघेही बंद असतील तरच ऐकू येते. सासूबाईंनी ऐकली, पण त्यांच्या कानाला ती शिंक म्हणून मान्य होईना. 'शिंकला की उसासा टाकला?' असं त्यांनी मलाच विचारलं. हिने सशाला उचलून उताणं केलं आणि पुढचे पाय पाहिले. ससा रुमाल बाळगत नाही. नाक वाहू लागलं की पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूने पुसतो. तिथली लव चिकटून तिच्या कडक बटा झाल्या होत्या, पिवळट पांढऱ्या. चेहरा अजूनही सभ्यच. सगळं लपवणाऱ्याला बाह्या तेवढ्या लपवता येत नाहीत.

खरं सांगायचं तर घरात उत्साह संचारला. इतके दिवस परका वाटणारा प्राणी अखेर आपल्यातला निघाला. सासूबाईंनी ओवा तव्यावर टाकून पुरचुंडी बांधली. पाट्टी दारातूनच 'अय्यो पावम! मुयलुक्कु जलदोषमा?' करत आल्या, मागून सांब्राणीचं धुपाटणं आलं. जलदोष म्हणजे पडसं, हे सासूबाईंना कोणी सांगावं लागलं नाही. या दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण तुळस, मिरी, सुंठ आणि 'हल्लीच्या मुलांना काही कळत नाही' या चार गोष्टींवर त्यांचं बोलणं तासभर चालतं. कोणी व्हिक्स आणलं. सासऱ्यांनी फ्रिजच्या दारातल्या कप्प्यातून अमॉक्सिसिलीनची पट्टी काढली. प्रत्येक मराठी फ्रिजच्या दारात अशी एक पट्टी असते: दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून कोणीतरी सोडून दिलेली आणि पैसे पडलेत म्हणून कोणीच न टाकलेली. 'पाव गोळी मधातून देऊ,' सासरे म्हणाले. 'एवढासा जीव आहे, पाव पुरे.' हिने 'आधी डॉक्टर' म्हणून पट्टी काढून घ्यायला हात पुढे केला, तोवर ती त्यांच्या खिशात गेली होती.

चेन्नईत जनावरांच्या वैद्यकीला कमी नाही. वेपेरीचं मद्रास व्हेटर्नरी कॉलेज 1903 पासून उभं आहे. ब्लू क्रॉस ही 1959 पासूनची प्राणिमित्र संस्था तर गिंडीकडून वेलचेरीला येणाऱ्या रस्त्यावरच आहे. पण घराजवळ, संध्याकाळी, ससे पाहणारं माणूस हवं म्हटलं की फोनवरचा पहिला प्रश्न 'डॉग ऑर कॅट?' असाच येतो. एका दवाखान्यातल्या मुलीने 'रॅबिट' ऐकून थोडा वेळ घेतला आणि सहानुभूतीने विचारलं, 'स्मॉल डॉग लिहू का?'

शेवटी ससे पाहणाऱ्या एक डॉक्टरबाई सापडल्या. उन्हं उतरल्यावर निघालो. टोपलीत सरफोजी, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली, आणि सोबत आम्ही सगळे, कारण आमच्याकडे दवाखान्यात एकट्याने जात नाहीत. रिक्षावाल्याने टोपलीत डोकावून मोकळेपणाने विचारलं, 'बिरियाणिक्का, सार?' सासूबाईंना तमिळ येत नाही, पण बिर्याणी कळते. पुढचा सगळा रस्ता त्या टोपलीवर पदर धरून बसल्या.

बाईंनी नाकाकडे ओझरतं पाहिलं. पंजे पाहिले, डोळ्यांचे कोपरे पाहिले, दात पाहिले. सशाचे दात जन्मभर वाढतात. वरच्या दातांची मुळं डोळ्यातून नाकात जाणाऱ्या नळीला दाबू लागली तरी डोळा नि नाक वाहतं. मग बराच वेळ छाती ऐकली. निदान झालं पाश्चुरेला मल्टोसिडा. हा जंतू पुष्कळ धडधाकट सशांच्या नाकात निवांत पडून असतो. उकाडा, धसका, धूळ, कोंदट हवा यांतलं काही मिळालं की उठतो. वेळीच लक्ष दिलं नाही तर कानात उतरतो आणि मान वाकडी होते, किंवा छातीत उतरतो.

'ठेवता कुठे याला?' बाईंनी विचारलं.

'एसीत,' सासरे अभिमानाने म्हणाले. 'दिवसभर. दारं-खिडक्या घट्ट बंद. फटींना चिंध्यासुद्धा लावल्यात.'

'आणि लघवीचा ट्रे?'

'तोही एसीतच.'

बाईंनी पेन खाली ठेवलं. सशाच्या लघवीतून अमोनिया उठतो. जमिनीपासून चार बोटांवर ज्याचं नाक, त्याच्या नाकात तो आधी जातो आणि आतली अस्तराची कातडी जाळतो. मग जंतूला रान मोकळं. म्हणजे उकाड्यापासून वाचवायला खोली बंद करावी तर नाक जातं आणि नाकासाठी उघडावी तर उकाडा येतो. कान म्हणतात आम्हाला ओलं करा, नाक म्हणतं मला कोरडं ठेवा. यावर बाईंचा तोडगा सोपा होता: ट्रे सकाळ-संध्याकाळ साफ करा, खाली कोरडं अंथरा, एसीची जाळी धुवा, वाऱ्याचा झोत थेट अंगावर नको, आणि एसी चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवा.

शेवटचं वाक्य ऐकून सासऱ्यांचा चेहरा पडला. एसी चालू असताना खिडकी उघडी. ज्या पिढीने फ्रिजचं दार क्षणभर उघडं राहिलं म्हणून मुलांचे कान पिरगाळले, तिला हे सांगणं सोपं नाही. तमिळनाडूत विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं आणि घरगुती ग्राहकाला पहिली 100 युनिटं फुकट असतात. ती शंभर आता खिडकीतून थेट वेलचेरीच्या आकाशात जाणार होती.

औषध मिळालं एन्रोफ्लॉक्सॅसिनचं, शिवाय नेब्युलायझरची वाफ. त्याबरोबर मनाई आली: धुरी नाही, उदबत्ती नाही, सांब्राणी नाही, डासांची कॉइल नाही, व्हिक्स नाही, काढा नाही. 'आणि घरातलं कुठलंही अँटिबायोटिक देऊ नका,' बाई म्हणाल्या. 'अमॉक्सिसिलीन तर मुळीच नको. सशाने ते पोटात घेतलं की पचनाला लागणारे चांगले जंतू मरतात, विष तयार करणारे माजतात आणि ससा दगावतो. पाव गोळीनेसुद्धा.'

सासऱ्यांचा हात खिशात होता. तो तिथेच राहिला. घरी आल्यावर पट्टी गुपचूप कचऱ्यात गेली. त्या फ्रिजच्या इतिहासात असं प्रथमच घडलं.

औषध पाजायचं काम मात्र सासूबाईंनी कोणाला करू दिलं नाही. ससा गुंडाळावा तर त्यांनीच. जुनं सुती दुपटं, एक कोपरा मानेखाली, दोन बाजू छातीवर, शेपटीकडून वर. चार लेकरं आणि सात नातवंडं गुंडाळलेल्या हातांपुढे सशाची लाथ ती काय. पुढच्या दातांमागे गालाकडे जी मोकळी जागा असते तिथून बिनसुईची पिचकारी घालायची आणि थेंबाथेंबाने सोडायचं, घाई केली तर औषध छातीत जातं. कान ओल्या फडक्याने पुसायचे. गार पाण्यात बुडवायचं नाही, त्या धक्क्यानेच ससा जातो. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. नको झालं तर तो आपणहून उठून जाईल. पहिल्या दिवशी सरफोजीने बाटलीकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी तो तिला टेकून झोपला आणि सासूबाईंनी त्याची दृष्ट काढली. मीठ-मोहरी विस्तवावर टाकायची बंदी असल्याने ती नुसती बेसिनमध्ये टाकली. पाट्टींच्या मते अशी दृष्ट लागू पडत नाही.

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. नाक चोंदलं की सशाला वास येत नाही, वास नाही म्हणून खात नाही, आणि दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही की आतडं थांबतं. नाकाच्या दुखण्यात ससा पोटाने मरू शकतो. म्हणून लेंड्यांवर लक्ष ठेवा: किती, केवढ्या, कोरड्या की मऊ. इथे आमचं घराणं फुलून आलं. सर्दीच्या बाबतीत ससा आमच्या हाती लागला नव्हता, पण 'पोट साफ झालं का?' हा प्रश्न आम्ही तीन पिढ्या एकमेकांना सकाळच्या चहाबरोबर विचारत आलो आहोत. सासऱ्यांनी वही घातली. नागपूरच्या साडूंना रोज फोटो जाऊ लागले आणि साडू, ज्यांनी कूलर सुचवला होता, ते आता 'कालच्यापेक्षा टपोऱ्या आहेत' असं मनापासून कळवू लागले.

पोट चालायला गवत हवं. परदेशी टिमोथी गवताचा किलोचा भाव ऐकून सासऱ्यांनी बासमतीची चौकशी केली, ती स्वस्त पडली. उपाय सापडला दंडीश्वराच्या देवळापाशी. तिथल्या फुलवालीकडे अरुगंपुल मिळतं, म्हणजे आपल्या दूर्वा. स्वच्छ धुवून, पाणी निथळून दिल्या की सरफोजी आजारातही मान वर न करता खायचा. आम्ही रोज जुड्याच्या जुड्या नेऊ लागलो, तसा फुलवालीच्या नजरेत आदर दिसू लागला. एवढा गणेशभक्त उत्तरेकडून आला आहे, हे तिने शेजारच्या नारळवाल्यालाही सांगितलं. (चेन्नईत महाराष्ट्र उत्तरेला आहे, वाद घालून उपयोग नाही.) मग एक दिवस तिने पैसे घेतले नाहीत आणि मुलाच्या नोकरीसाठी पिळ्ळैयारपाशी, म्हणजे गणपतीपाशी, शब्द टाकायला सांगितलं. सासूबाईंना खोटेपणा चालत नाही. त्या दिवसापासून एकवीस दूर्वांची जुडी आधी घरच्या गणपतीला, मुलाचं नाव घेऊन. ती उतरली की सरफोजीला. मुलगा महिन्याभरात तरमणीच्या एका आयटी पार्कात सिक्युरिटीला लागला. आता तिथल्या आणखी दोन फुलवाल्या आमच्याकडे काम घेऊन येतात.

सरफोजीचं नाक हळूहळू सुकलं आणि पंजांची लव पुन्हा मोकळी झाली. हा जंतू नाकातून कायमचा जाईलच असं नाही, असं बाईंनी आधीच बजावलं आहे. पुढे पावसाळ्यात वेलचेरी जलमय होते, लोक मोटारी नेऊन उड्डाणपुलावर उभ्या करतात, घरं ओल धरतात, तेव्हा पुन्हा जपावं लागेल. उन्हाळा चालू आहे तोवर रात्रीची व्यवस्था अशी: एसी एकच, तो सशाच्या खोलीत, म्हणून सासरे 'त्याला सोबत' म्हणून तिथे झोपतात, सासूबाई सासऱ्यांना सोबत म्हणून, चिरंजीव ससा त्यांचा म्हणून, आणि बाहेर झोपणं अशक्य म्हणून आम्ही दोघं. खिडकी थोडी उघडी. ती किती उघडी असावी यावरून रात्री एकदा बोलणं होतं. मग कोणीतरी शिंकतं, आणि अंधारात पाचही जण एकदम उठून बसतात आणि दिवा लावून सशाकडे बघतात.

एवढं वाचूनही कोणाच्या घरात ससा आणायचा हट्ट चालू असेल, तर माझं ऐका. आधी ससे पाहणारा डॉक्टर शोधा, त्याचा नंबर फ्रिजच्या दारावर लावा, आणि त्याच हाताने दारातल्या कप्प्यातली उरलेली गोळ्यांची पट्टी काढून टाका. उन्हाळ्यात तर आणूच नका. हिवाळ्यात आणलात, तर रोज त्याच्या पुढच्या पायांची आतली बाजू तेवढी बघत जा. तो सांगणार नाही.